उभ्या बाई, बोलतात यजमान!

सकाळची दहाची वेळ. कुकरची दुसरी शिट्टी झालेली असते, धाकट्याचा डबा भरून झालेला असतो आणि नेमकी तेव्हाच दारावरची घंटा वाजते. पदराला हात पुसत तुम्ही दार उघडता, तर जिन्यात ही दहा-बारा मंडळी उभी! सगळ्यांच्या पुढे कोरी साडी नेसलेल्या एक बाई हात जोडून हसत असतात. ‘वहिनी, यंदा आमच्या मंडळींना उभं केलंय हं. लक्ष असू द्या!’ हे वाक्य मात्र त्यांच्या मागून येतं. बोलतात ते त्यांचे यजमान. तुम्हीही हसता, पत्रक घेता. पत्रकावर बाईंचा फोटो सुपारीएवढा आणि यजमानांचा नारळाएवढा! दार लावून तुम्ही पुन्हा ओट्याशी येता. बाईंचा आवाज कसा आहे, हेसुद्धा तुम्हांला कळलेलं नसतं.

मैत्रिणींनो, खरं सांगा, असं झालंय की नाही?

आपण डझनभर चिकू घ्यायला गेलो तरी प्रत्येक फळ हातात घेऊन दाबून पाहतो. आणि पाच वर्षं आपलं पाणी, दिवाबत्ती, शाळा आणि दवाखाना जिच्या हाती द्यायचा, तिला दोन शब्दही विचारत नाही. विचारायचं असतं, हेच आपल्या लक्षात येत नाही. आज त्याबद्दलच थोडं बोलू या. त्यासाठी मी तुम्हांला जरा लांब, डहाणू-तलासरीकडे नेणार आहे.

दोन तालुके, तीन मतं

डहाणू रोड स्टेशनावर उतरलं की पश्चिमेला समुद्र, मच्छीमारांची गावं आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या. पूर्वेला निघालं की गंजाड, कासा, धुंदलवाडी असं करत डोंगर लागतात आणि वारली पाडे सुरू होतात. तलासरी त्याच्या उत्तरेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या अगदी वेशीशी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून हे दोन्ही तालुके पालघरचे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुष्कळ जणींचा घोटाळा इथेच होतो. डहाणू गावात नगरपरिषद आहे, तलासरीत नगरपंचायत आहे. त्यांच्या हद्दीत राहणाऱ्या बाईचं मत नगरसेवकाला आणि नगराध्यक्षाला. हद्दीबाहेर, म्हणजे बोर्डी, कासा, झरी अशा गावांत राहणाऱ्या बाईला मात्र एकूण तीन ठिकाणी निवड करायची असते. पहिली ग्रामपंचायत, तिथे सदस्यांबरोबर सरपंचही २०२२ पासून पुन्हा थेट मतदारच निवडतात. दुसरी तालुक्याची पंचायत समिती आणि तिसरी जिल्हा परिषद. जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाला ‘गट’ म्हणतात, आणि एका गटाचे दोन भाग करून पंचायत समितीचे दोन ‘गण’ होतात. म्हणून या निवडणुकीत एकाच दिवशी दोन मतं द्यायची असतात. ‘मी एकदा बटण दाबलंय’ म्हणून दुसरं न दाबता निघून यायचं नाही, बरं का!

‘आम्ही शहरातल्या, आम्हांला त्या जिल्हा परिषदेचं काय?’ असं म्हणाल तर सांगते. तुमच्याकडे कामाला येणारी मावशी, दारावर येणारी कोळीण, भाजीची पाटी घेऊन स्टेशनाबाहेर बसणारी बाई, या सगळ्या सकाळी ज्या पाड्यातून निघतात, तिथली अंगणवाडी आणि तिथला दवाखाना जिल्हा परिषदच चालवते. आणि आपल्यापैकी कितीजणींचं माहेर अजून गावात आहे!

जिथे बाईला बोलायची मुभाच नव्हती

डहाणू-तलासरीच निवडलं याला एक कारण आहे. तिथली बाई आज मत मागायला उभी राहते, त्यामागे फार मोठी कहाणी आहे.

ऐंशी वर्षांपूर्वी तिथे ‘लग्नगडी’ नावाचा प्रकार होता. शब्द ऐकायला किती गोड! पण अर्थ ऐका. वारली तरुणाला लग्न करायचं तर पैसा लागे. तो द्यायचा जमीनदार किंवा सावकार. ते कर्ज फिटेपर्यंत त्या तरुणानं सावकाराच्या घरी राबायचं, आणि ज्या मुलीशी लग्न केलं तिनंही राबायचं. म्हणजे मुलीच्या अंगाला हळद लागली की तिच्या नशिबी वेठ आली. कर्ज तर फिटायचंच नाही. ते तिच्या मुलांवर यायचं.

याच वारल्यांत एक रीत मात्र अशी की, ‘धवलेरी’ आल्यावाचून लग्न लागत नाही. धवलेरी म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई. तिनं म्हटलं की लग्न लागलं. भिंतीवरचा लग्नाचा चौकही सुवासिनींनीच लिहायचा. म्हणजे मांडवात जिचा शब्द प्रमाण, तिला मांडवाबाहेर सावकाराच्या अंगणात तोंड वर करून बोलायची सोय नव्हती.

हे बदलायला सुरुवात झाली २३ मे १९४५ रोजी. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी या गावी हजारो वारली जमले आणि ‘यापुढे वेठबिगार करणार नाही’ अशी त्यांनी शपथ घेतली. त्यांना जागं करणाऱ्यांत एक बाई होत्या, गोदावरी परुळेकर. पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. त्या आणि त्यांचे पती शामराव पाड्यापाड्यांतून पायी हिंडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती गेले. हे सगळं गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. १९७२ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुमच्या वाचनालयात असेल, जरूर आणा.

आणि योगायोग पाहा. त्याच १९४५ साली, तिथून काही मैलांवर बोर्डीला, आणखी दोन बायका कामाला लागल्या होत्या, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, असं त्यांनी ठरवलं. त्यातून ‘अंगणवाडी’ आली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९७५ साली देशभर बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिनं हेच नाव उचललं. आज भारतातल्या कुठल्याही कोपऱ्यात ‘अंगणवाडी’ हा शब्द ऐकलात, तर तो डहाणू तालुक्यातून निघाला आहे हे लक्षात असू द्या.

या तिघीजणींनी कुणाच्या मागे उभं राहून हात जोडले नाहीत. म्हणून आज त्याच मातीतल्या उमेदवार बाईच्या तोंडून एक शब्द निघू नये, याचं जास्त वाईट वाटतं.

खुर्ची मिळाली, पण…

कायद्यानं बाईला काय दिलं ते थोडक्यात पाहू. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा स्त्रियांसाठी राखीव जागा नव्हत्या. निवडून कुणी आली नाही, तर एखाद-दोघींना सदस्य म्हणून घ्यायची सोय होती. घेतलेल्या पाहुणीला घरात जेवढा मान, तेवढाच तिथे! १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या. २०११ साली महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. त्यामुळे १९९६चा ‘पेसा’ कायदा तिथे लागू आहे. तिथल्या ग्रामपंचायतींचं सरपंचपद आदिवासींसाठीच राखीव असतं आणि त्यातली निम्मी पदं स्त्रियांची. शिवाय ग्रामसभेला तिथे जास्त अधिकार आहेत. वनउपज कुणी गोळा करायची, दारूच्या दुकानाला परवानगी द्यायची की नाही, यात तिचा शब्द चालतो.

पालघर जिल्हा परिषदेत ५७ जागा. ७ जानेवारी २०२० रोजी तिथे मतदान झालं. त्यानंतर अध्यक्ष झाल्या भारती कामडी, आणि २०२४ साली त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली. निकाल त्यांच्या बाजूनं लागला नाही, ते सोडा. गटापासून सुरुवात केलेली आदिवासी बाई दिल्लीच्या निवडणुकीपर्यंत जाऊ शकते, हे तर दिसलं!

पण सगळीकडे असं होत नाही, हे तुम्हीही जाणता. पुष्कळ ठिकाणी जागा बाईची आणि कारभार बुवांचा. ‘सरपंचपती’ असा एक नवा नातेवाईकच आपल्या भाषेत तयार झाला आहे!

कागदांची पुरचुंडी

तरीही त्या गप्प बसलेल्या बाईला नावं ठेवण्याआधी, ती तुमच्या दारापर्यंत कशी पोचली ते पाहा.

तलासरीकडच्या एखाद्या पाड्यातली सूनबाई डोळ्यांपुढे आणा. दिवाळी झाली की पाड्यातली निम्मी घरं वीटभट्टीवर नाहीतर बोटीवर कामाला गेलेली. अशा दिवसांत निवडणूक लागते. जागा बाईची निघाली म्हणून घरचे म्हणतात, ‘तू उभी राहा.’ मग कागद जमवायचे. मतदार यादीत तिचं नाव सासरचं. पण जमातीचा दाखला मिळतो वडिलांच्या कागदांवरून, म्हणजे तो माहेरच्या नावाचा! लग्नात नाव बदललेलं असेल तर दोन्ही नावं एकाच बाईची, हेही दाखवायला हवं. झालं, चालली माहेरी. वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबांचा उतारा, भावाच्या हातापाया पडून सगळं गोळा करायचं. दाखल्यावर पुन्हा तपासणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत ते दाखल केलं नाही, तर निवडच रद्द होते.

एवढ्यावर भागत नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल, तर उमेदवारी नाही. किती मुलं हवीत हे तिला कुणी विचारलं होतं का, हे मात्र कुठल्याच फॉर्मवर लिहायला जागा नसते! ग्रामपंचायतीसाठी घरात शौचालय आहे आणि ते वापरात आहे, असा दाखलाही हवा. आणि निवडणूक झाल्यावर, जिंको वा हरो, तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा. तो दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. हरलेल्या पुष्कळ जणी हे विसरतात आणि पुढच्या वेळेला बाद होतात.

या सगळ्या धावपळीत तिच्याबरोबर असतो तिचा नवरा, दीर नाहीतर पक्षाचा माणूस. कचेरीत तोच बोलतो, छाननीला तोच उभा राहतो. मग दारात आल्यावरही तोच बोलतो. तिला बोलायची सवय व्हायला वेळच कुठे मिळतो?

म्हणूनच मैत्रिणींनो, तिला बोलतं करणं हे आपलं काम. आपण विचारलं तर ती उत्तर देईल. निदान उत्तर शोधायला तरी लागेल.

विचारायचे पाच प्रश्न

पेन घ्या आणि हे पाच प्रश्न कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. गावच्या उमेदवाराला असोत की शहरातल्या, थोडाफार फरक करून सगळीकडे चालतील.

१. ‘ताई, मार्च-एप्रिलात तुमच्याकडे पाणी कुठून भरता?’ डहाणू-तलासरीत पावसाळ्यात धोधो पाऊस, पण उन्हाळ्यात पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात. हंडा स्वतः वाहिलेली बाई या प्रश्नाला अडखळणार नाही. यजमान अडखळतील!

२. ‘तुमच्या अंगणवाडीत आज काय शिजलं?’ आदिवासी भागात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना दिवसाचं एक पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. ते ताट खरोखर वाढलं जातं का, हे जिला ठाऊक आहे, ती पुढे त्यावर लक्षही ठेवील.

३. ‘बाईंसाठीचा पैसा कशावर खर्च कराल?’ जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा महिला आणि बालकल्याणासाठी काढून ठेवावा लागतो. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतले पाच टक्केही थेट मिळतात. ‘पैसा नाही’ हे उत्तर आलं, तर हा दहावा हिस्सा कुठे गेला, असं हसत हसत विचारा.

४. ‘रात्री-अपरात्री बाळंतपणाची वेळ आली तर तुमच्या गावातून दवाखान्यात कसं जायचं?’ प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची. रस्ता, गाडी, नर्सबाईंचं राहणं, सगळं या एका प्रश्नात येतं.

५. ‘सभेला तुम्ही स्वतः जाणार ना?’ हा प्रश्न शेवटी आणि डोळ्यांत पाहून विचारायचा. ग्रामपंचायतीची आणि पंचायत समितीची सभा दर महिन्याला असते, जिल्हा परिषदेची निदान तीन महिन्यांतून एकदा. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी फक्त बायकांची सभा घ्यावी लागते, हेही त्यांना ठाऊक आहे का, पाहा.

स्थानिक प्रश्न यात घालायला विसरू नका. २०१८च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले आणि लोकांनी थंडीत लेकरं घेऊन घराबाहेर रात्री काढल्या. तिथली बाई घराच्या भिंतींबद्दल विचारील. किनाऱ्यावरची कोळीण वाढवण बंदराबद्दल विचारील. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. जिचं घर जिथे जळतं, तिथलं तिनं विचारावं.

आणि तुम्हीच उभ्या राहिलात तर?

हसू नका! निम्म्या जागा आपल्या आहेत, त्या कुणीतरी भरणारच. मनात आलंच, तर या तीन गोष्टी गाठीशी बांधा.

पहिली गोष्ट, कोऱ्या कागदावर सही करायची नाही. नवरा म्हणाला तरी नाही, सासरे म्हणाले तरी नाही. ग्रामपंचायतीच्या पैशांवर सरपंचाची आणि ग्रामसेवकांची, म्हणजे २०२४ पासूनच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची, सही लागते. उद्या हिशेबात खोट निघाली तर नोटीस येते ती सही करणाऱ्या बाईच्या नावानं. ‘यांनी सांगितलं म्हणून केली’ हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरी गोष्ट, सभेचं इतिवृत्त वाचून घ्यायचं. वाचता येत नसेल तर मुलीला वाचायला लावायचं. आपण जे बोललो तेच लिहिलं आहे ना, एवढं पाहायचं.

तिसरी गोष्ट, खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवायची. दुधाचा रतीब, इस्त्रीचे कपडे, किराण्याची उधारी यांचा हिशेब आपण महिनोन्‌महिने चोख ठेवतो. प्रचाराच्या चहाचा आणि पत्रकांचा ठेवायला काय जड आहे? भाषण करता येत नाही म्हणून घाबरू नका. पाणी दोन दिवसांनी येतं, हे सांगायला भाषण लागत नाही.

घरच्यांची मदत घेऊ नये, असं माझं म्हणणं नाही हं. यजमानांनी स्कूटरवरून कचेरीत सोडावं, मुलांचा अभ्यास घ्यावा, एखादे दिवशी भाताचा कुकरही लावावा. मदत ती! खुर्चीत बसणं ही काही मदत नव्हे.

तर मग, घंटा वाजली की…

आता पुन्हा तो जिना डोळ्यांपुढे आणा. पुढच्या निवडणुकीला घंटा वाजेल, तेव्हा दार नुसतं किलकिलं करू नका. ‘या ना, पाणी घेता?’ म्हणा आणि बाईंना आत बोलवा, एकट्यांना. बरोबरच्या मंडळींना सांगा, ‘भाऊ, घरात पसारा आहे, तुम्ही जरा बाहेरच थांबा.’ कोणी रागावणार नाही, मताची गरज त्यांना आहे!

बाईंना खुर्ची द्या, पाण्याचा पेला द्या आणि मग त्या पाचांतला एकच प्रश्न विचारा. उत्तराची घाई करू नका. कदाचित त्या सवयीनं दाराकडे पाहतील. पाहू द्या. गॅस बारीक करा आणि थांबा. त्या बोलायला लागल्या, की त्यांना मत द्यायचं की नाही ते तुमचं तुम्हांला कळेल. आणि तुमचं मत त्यांना मिळालं नाही, तरी पुढच्या दारात त्या स्वतः बोलतील.